बाई, तोंडानं श्वास घ्या! : नील बेटावरचे चार दिवस

अंदमानला जायचं ठरवलं केदारनं आणि आयत्या वेळी गळला तोही केदारच. केदार म्हणजे माझा नवरा. आम्ही दोघंही आयटीतले. मंदीच्या काळात सुट्टी मागायची हिंमत नव्हती, म्हणून परिस्थिती जरा सुधारल्यावर तिघांची तिकिटं काढून ठेवली होती: तो, मी आणि माझ्या सासूबाई. निघायच्या चार दिवस आधी त्याच्या क्लायंटनं प्रोजेक्टची तारीख अलीकडे ओढली. झालं! केदार लॅपटॉपला चिकटला आणि मी सासूबाईंना फोन केला, की रद्द करूया का?

"का?" पलीकडून आवाज आला. "समुद्र केदारच्या ऑफिसात हलवलाय का?"

इथे एक खुलासा करायला हवा. माझ्या सासूबाई आठवीत मला भूगोल शिकवायच्या. लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझ्या तोंडून 'आई' निघत नाही, 'बाई'च निघतं, आणि त्यांच्यासमोर सोफ्यावर रेलून बसायला मी अजून कचरते. अशा बाईंबरोबर आता एका खोलीत पाच दिवस राहायचं होतं. पण बाई हटणाऱ्या नव्हत्या. निवृत्त होईपर्यंत बत्तीस वर्षं त्यांनी फळ्यावर प्रवाळ बेटं काढली होती, कंकणाकृती, झालरीसारखी, सगळी. डोळ्यांनी मात्र एकही पाहिलं नव्हतं. "एकदा बघायचंय," एवढंच म्हणाल्या. बाई कधी काही मागत नाहीत, त्यामुळे हे ऐकून मी मुकाट्यानं बॅग भरायला घेतली.

पुणे ते चेन्नई, चेन्नई ते पोर्ट ब्लेअर असं विमान. पहिला दिवस प्रवासात आणि जेटीवर सरकारी बोटीच्या तिकिटाच्या रांगेत गेला. जाणार असाल तर ओळखपत्राच्या भरपूर झेरॉक्स न्या आणि रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढा, कारण नील बेटावर एटीएम नाही. फोनला रेंजही लागली तर लागली. केदारला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मग मी तिथे हवा होतो." मी म्हटलं, "क्लायंटला फोन लागायला हवा, म्हणूनच तू पुण्यात आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट निघाली. अडीच तासांचा प्रवास. डेकवर उभं राहिलं की आधी शाईसारखं निळं पाणी, मग मोरपिशी, आणि बेट जवळ आल्यावर इतकं नितळ की जेटीचे खांब तळापर्यंत दिसतात. मी "वॉव" म्हणत फोटो काढत होते. बाई कठड्याला धरून खाली बघत होत्या. त्यांना पोहता येत नाही. पाण्याशी त्यांची ओळख म्हणजे खडकवासल्याचं, तेही नारायण पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटच्या नळाला येणारं.

नील बेट एवढंसं आहे. भाड्याच्या सायकलवर तासाभरात या टोकाहून त्या टोकाला. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं बरीचशी बंगाली, आणि समुद्राइतकंच त्यांचं लक्ष शेतीत. वांगी, भोपळे, टोमॅटो, केळी. शाकाहारी मंडळींनी अजिबात घाबरू नये. बाजारातल्या खानावळीत साठ रुपयांच्या थाळीत मला मासा मिळाला आणि बाईंना तीन भाज्या, तिन्हींत बटाटा. त्यांनी प्रत्येक भाजीतला बटाटा बाजूला काढून मोजला नाही, एवढंच. "यांच्याकडे बटाटा हा मसाला आहे वाटतं," म्हणाल्या, आणि ताट स्वच्छ केलं. संध्याकाळी साडेपाचला सूर्य बुडाला. इतक्या पूर्वेला घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे दिवस फार लवकर संपतो. कार्यक्रम सकाळीच उरकायचे, हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी स्नॉर्केलिंग. भरतपूर किनाऱ्यावर अकरानंतर पाणी चढलं की सुरुवात होते. आमचे वाटाडे विश्वजितदा, पन्नाशीचे, उन्हानं रापलेले. बाईंना ते पहिल्या मिनिटापासून 'माशिमा', म्हणजे मावशी, म्हणायला लागले. बाईंचा वेश पाहण्यासारखा होता: माझी लेगिंग, वर केदारच्या कंपनीचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, त्यावर लाइफ जॅकेट. कपाळावर टिकली होतीच.

"देखो माशिमा," विश्वजितदा म्हणाले, "ये चश्मा नाक भी ढक लेगा. नाक भूल जाओ. ये नली मुंह में. मुंह से सांस लेना, मुंह से छोड़ना. बस."

बस! ऐकायला सोपं होतं. पण बाई गेली वीस वर्षं रोज सकाळी सहाला योगवर्गाला जातात. तिथल्या शिक्षिका इतक्या कडक, की श्वास घेताना कुणाचं तोंड उघडं दिसलं तर त्याची रवानगी थेट मागच्या रांगेत. बाई वीस वर्षं पहिल्या रांगेत आहेत! त्यांनी कंबरभर पाण्यात तोंड बुडवलं, आणि सवयीनं नाकानं दीर्घ श्वास ओढला. चष्मा गालाला घट्ट चिकटला, श्वास येईना, बाई घाबरून वर आल्या आणि धडपडीत खारट पाणी नाकात गेलं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ठसका इतका लागला की विश्वजितदांनी त्यांना धरून वाळूवर आणलं. मी मागे मागे, "बाई, तोंडानं घ्या ना, तोंडानं," असं म्हणत. शेवटी त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "मृणाल, मला कळतंय काय करायचं ते. होत नाहीये." एवढं म्हणून त्या झाडाखाली जाऊन बसल्या.

मग काचेच्या तळाची बोट केली. काचेवर इतके ओरखडे होते की मासे धुक्यातून गेल्यासारखे दिसले. बाईंनी पाच मिनिटं पाहिलं आणि मान वर केली. "शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून लग्न बघतोय आपण." बोटवाला हसला, मीही हसले, पण मला वाईट वाटलं. उरला होता परवाचा एकच दिवस, कारण चौथ्या दिवशी वसंत पंचमी, आणि विश्वजितदांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सरस्वतीपूजा असल्यामुळे ते पाण्यात उतरणार नाहीत. परवा चारला आमची परतीची बोट.

चौथा दिवस. तुम्हाला जमलं तर वसंत पंचमी साधूनच जा. शाळेच्या मैदानात मांडव, पिवळ्या साड्या नेसलेल्या मुली, कागदाच्या माळा आणि मधोमध पांढरीशुभ्र सरस्वती. तिच्या पायाशी गावातल्या सगळ्या पोरांची वह्या-पुस्तकं रचलेली. विश्वजितदांच्या बायकोनं सांगितलं, की आज कुणी पुस्तकाला हात लावायचा नाही, अभ्यास करायचा नाही, आणि पूजा होईपर्यंत नवीन बोरंही खायची नाहीत. "अभ्यासाला सुट्टी तीही देवीच्या परवानगीनं," बाई मला म्हणाल्या, "आपल्याकडे का नाही सुचलं हे कुणाला?"

पुरोहित एकेका चिमुरड्याला मांडीवर घेऊन पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेत होते. ते पाहून बाईंना राहवेना. त्यांनी एक पाटी मागून घेतली आणि आपण दसऱ्याला काढतो तशी एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. आकडे भराभर जुळत गेले, बघता बघता भोवती मुलांचं कोंडाळं जमलं. "ये कौन है?" एका मुलीनं विचारलं. "यही," बाईंनी मूर्तीकडे बोट दाखवलं, "महाराष्ट्र में ऐसी दिखती है." मग बाईंचा वर्ग जो भरला तो खिचडी येईपर्यंत. खिचडी, भोपळ्या-वांग्याची मिसळीची भाजी, बोरांची चटणी, सगळ्यांनी जमिनीवर पंगतीत बसून खायचं, आणि पैसे विचारले तर लोक रागावतात.

दुपारी खोलीवर आलो तर पंखा बंद, वीज गेलेली. मी ओला टॉवेल मानेवर टाकून पडले. बाई खाटेवर मांडी घालून बसल्या, जिभेची पन्हाळी केली, आणि तिच्यातून सुर्र आवाज करत हवा आत ओढायला लागल्या. मी दोन मिनिटं नुसती पाहत होते. मग ताडकन उठून बसले.

"बाई! तुम्ही तोंडानं श्वास घेताय!"

बाईंनी डोळे उघडले. "ही शीतली आहे. उन्हाळ्यात करतात. सोडायचा नाकानंच असतो."

"पण घेताय तर तोंडानं!"

वीस वर्षांत त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं बहुतेक. मी धावत जाऊन विश्वजितदांच्या घरून नळी आणि चष्मा घेऊन आले. न्हाणीघरात बादली भरली. बाई स्टुलावर बसल्या, तोंडात नळी, डोळ्यांवर चष्मा, आणि चेहरा बादलीत. मी शेजारी मोठ्यानं सांगतेय, "शीतली घ्या... आता तोंडानंच सोडा..."

त्या वर आल्या. "हे शास्त्रात बसत नाही."

"शास्त्र पुण्याला ठेवून आलोय असं समजा!"

बोलून गेले आणि जीभ चावली. आठवीतल्या मृणालची ही बोलायची प्राज्ञा नव्हती. बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि परत बादलीत डोकं घातलं. पहिली वीस मिनिटं ठसके. मग दहा श्वास, वीस श्वास, पन्नास. संध्याकाळपर्यंत आमच्या न्हाणीघरातून फक्त नळीची फुसफूस ऐकू येत होती.

पाचवा दिवस, शेवटचा. अकराला आम्ही पाण्यात. मी नळी तीनतीनदा तपासत होते, बाईंच्या चेहऱ्यावर मात्र परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून निघाल्याचा भाव. त्यांनी डोकं खाली घातलं. मी श्वास मोजले. एक, दोन, तीन, दहा... पाठ शांत वर-खाली होत होती. विश्वजितदांनी हळूच त्यांचा हात धरला आणि त्यांना रबरी रिंगला धरून आत नेलं. मी बाजूनं.

खाली काय होतं ते सांगायचा प्रयत्न करते. मोहरीच्या रंगाचे गोल खडक, मेंदूसारख्या वळ्यांचे. फांद्याच फांद्या, टोकाशी जांभळट. लाटेबरोबर सावकाश डुलणारं काहीतरी मऊ. एक मोठा हिरवा-निळा मासा चोचीनं प्रवाळ खरवडत होता आणि त्याचा कुडुम-कुडुम आवाज चक्क ऐकू येत होता. मी दोनदा थकून वर आले. बाई चाळीस मिनिटं वर आल्या नाहीत. (एक कळकळीची विनंती: दमलात तरी प्रवाळावर उभं राहू नका, ते मोडतं आणि तुमचा पायही कापतो.)

वाळूवर आल्यावर मी त्यांना मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनीही मारू दिली. मग चष्मा काढून त्या समुद्राकडे बघत राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लाल नाही गं."

"काय?"

"प्रवाळ. लाल नाही. मी बत्तीस वर्षं लाल खडू वापरला. पोवळं लाल असतं म्हणून हेही लालच असणार, असं धरून चालले. हजारो मुलींनी माझं बघून वहीत लाल रंगवलं."

"बाई, पेटीत तपकिरी खडू नसतोच."

"पेटीत नव्हता म्हणून समुद्राचा रंग मी बदलला?"

जेटीवर विश्वजितदांची बायको पिशवीभर बोरं घेऊन आली होती. बोट सुटली तशी बाईंनी हात हलवला, पण पोर्ट ब्लेअर येईपर्यंत त्या कठड्याला धरून पाण्याकडेच बघत राहिल्या. त्यांची इच्छा पूर्ण झाली म्हणून मला झालेला आनंद माझ्याजवळ तसाच राहिला, कुणाला द्यावा कळेना.

पुण्यात आल्यावर आठवड्याभरानं येरवड्याच्या ऑफिसात असताना त्यांचा फोन. "आपल्या शाळेत मुख्याध्यापिकांकडे एक तास मागून घेतलाय. आठवी ब. येणार असशील तर मागे बस, बोलू नकोस."

मी अर्धी रजा टाकून गेले. बाईंनी आधी फळ्यावर लाल खडूनं तेच जुनं चित्र काढलं, तितकंच सुबक. मग मुलींकडे वळल्या. "हे मी या वर्गात बत्तीस वर्षं शिकवलं. तुमच्यापैकी काहींच्या आयांनाही शिकवलंय. रंग चुकीचा होता. मी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नाही हे सांगितलंही नव्हतं." त्यांनी डस्टर घेतलं आणि ते चित्र पुसलं. नंतर अर्धा तास त्या बोलल्या: मोहरी रंगाचे खडक, जांभळी टोकं, त्या माशाचा आवाज, आणि बादलीसुद्धा. बादलीला वर्ग हसून लोटपोट झाला.

शेवटी खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. "बाई, मग पुस्तकातलं बाकीचंही चुकीचं असेल?"

वर्ग पुन्हा हसला. बाई हसल्या नाहीत. "असू शकेल. मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, "बाकीचंही मी पाहिलेलं नाही."

बाईंच्या तोंडून 'मला माहीत नाही' मी जन्मात ऐकलं नव्हतं. मागच्या बाकावर बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले.

बाहेर पडून रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. मी म्हटलं, पुढच्या वर्षी केदारला जमलं तर तिघं कुठेतरी जाऊ.

"केदारचं केदार बघेल," बाई म्हणाल्या. "वाळवंट, हिमनदी, त्रिभुज प्रदेश, एवढं राहिलंय. मी चौसष्टची आहे. तू रजा टाक."