गेरूची फुली

जेवण झाल्यावर सगुणा अर्धवट घडवलेल्या नंदीला पाठ टेकून बसते आणि तिचे डोळे जड होतात. हातातली छिन्नी निसटते, पण खाली पडल्याचा आवाज काही येत नाही.

समोर आप्पा बसलेले असतात. तुळाजी पाथरवट, तिचे वडील, दिवाळीच्या तोंडावर गेले. हा दगड त्यांनीच खाणीत निवडला, शेवटचा. म्हणून तर सगुणा एक गोष्ट कुणापाशी बोलत नाही: मानेपाशी हातोडी मारली की दगड बद्द वाजतो. आत पोकळी निघाली आणि मान तडकली, तर खंडित नंदी देवळात बसत नाही. पण आप्पांचा दगड वाईट, असं म्हणायला तिची जीभ रेटत नाही.

आप्पा उठतात. अंगणाच्या जागी गुऱ्हाळ आहे. कढईतून वाफ्यात ओतला जातो तो गूळ नव्हेच. भुईच्या भेगांतून धगधगता रस वर येतो आणि नजर पोचेल तिथवर पसरतो. सगुणाला चटका बसत नाही, त्याचं नवलही वाटत नाही. रसावर साय धरते. बुडबुडे वर चढतात आणि सायीखाली अडकून तसेच गोठतात. रसाचं पोट मात्र सावकाश निवतं, घट्ट होतं. त्यावर दुसरा लोट येतो, मग तिसरा. गुऱ्हाळ कुठंच नाही; पायऱ्यापायऱ्यांचा गावचा डोंगर तेवढा उभा आहे.

दगड पोटातला घ्यावा, सायीखालचा नको, हे आप्पा नेहमीसारखंच सांगतात.

"मग ह्यो कुठला, आप्पा?"

"सायीखालचा. दगड उचलून, टेकू दिऊन वाजवायचा असतुया. म्या भुईवर पडलेलाच वाजवला, बद्द वाजला तर भुईमुळंच आसंल म्हनलं. अंगात ताकद न्हवती, आन् कुणाला हाक मारायची लाज वाटली."

तिला आधी राग येतो, मग रडू. देवळाच्या पंचांना आता काय सांगायचं, असं ती विचारते.

"तुळाजी चुकला म्हून सांग. तुझ्या हातचा पयला नंदी हाय, सगे. माझ्या चुकीवर नगं उभा करू."

कावळा ओरडतो. ऊन पायांवर आलेलं असतं. नंदीच्या मानेवर गेरूची ओली फुली आहे, टाकाऊ दगडावर आप्पा काढायचे तशीच, एक पाय आखूड. गेरूची वाटी ते गेल्यापासून कोनाड्यात वाळून पडली आहे. सगुणा आपली बोटं निरखते. त्यांवर नुसती दगडाची भुकटी.

फुली न पुसता ती पदर खोचते आणि पंचांकडे निघते.