पाटकऱ्याचा बुटका ट्रक

ला होया गावच्या शाळेत मेनियो आर्चुलेता स्वयंपाकी होता. पाळण्यातलं नाव एपिमेनियो, पण तेवढं लांब नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? खोऱ्यातल्या दोन पिढ्या त्याच्या हातचा घेवडा आणि हिरव्या मिरचीचं कालवण खाऊन मोठ्या झाल्या होत्या. चांगला मिशीवाला बाप्या रस्त्यात भेटला तरी मेनियोला बघून आधी पोटावरून हात फिरवी आणि मग रामराम करी.

पण स्वयंपाकापेक्षा त्याचं नाव झालं होतं ते ट्रकमुळे. पुढे दोन माणसं बसतील एवढी जागा, मागे उघडा हौदा, असा जुना पिकअप ट्रक. रंग गर्द वाइनचा, बाजूने केसाएवढी चंदेरी रेघ. तरुणपणी मेनियोने आणि हर्कुलानो वेल्डरने मिळून तो जमिनीसरसा बुटका केला होता. खालून मांजर गेलं असतं तर त्याची पाठ घासली असती. दर रविवारी दुपारी जवळच्या एस्पान्योला शहरातल्या मोठ्या रस्त्यावर असल्या बुटक्या गाड्यांची रांग लागते आणि ती बैलगाडीच्या चालीने इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरते. घाई कुणालाच नसते. त्या रांगेत मेनियो खिडकीबाहेर कोपर काढून बसलेला असे आणि शेजारी त्याची बायको कॉरिना, लिपस्टिक लावून. स्पीडब्रेकर आला की तो ट्रक तिरका घेई, एकेक चाक चढवी, आणि मागचे लोक कौतुकाने थांबत.

त्या वर्षी थंडी सरत आली तशी गावच्या पाटाची सभा भरली. म्हातारा ओनोफ्रे कितीतरी वर्षं पाटकरी होता. नदीवरचा बंधारा, पाटाची दारं, कुणाची पाणीपाळी कधी, सगळं तोच बघे.

"माझे गुडघे गेले," ओनोफ्रे उभा राहून म्हणाला. "आता एखादा जवान माणूस बघा."

जवान म्हणजे साठीच्या आतला. तेवढं ऐकलं आणि सगळ्यांना आपापले बूट बघण्यासारखे वाटू लागले.

"मेनियोला करा की!" मागच्या बाकावरून हर्कुलानो ओरडला. "पाण्याच्या चालीनंच तर गाडी चालवतो तो!"

सभा खो खो हसली. हसता हसता कुणीतरी हात वर केला. बघता बघता सगळे हात वर.

"अरे, थट्टा करताय का माझी?" मेनियो म्हणाला.

"थट्टाच होती," ओनोफ्रे म्हणाला. "पण आता हात वर झाले. थट्टा संपली."

मेनियोचा बापही एके काळी पाटकरी होता, हे त्याला आठवलं. आणि कॉरिनाने बाकाखालून त्याला चिमटा काढला. तिचं मिरचीचं वावर पाटाच्या अगदी शेपटाला. तिथे पाणी पोचायचं ते उष्टं-खरकटं राहिल्यासारखं. "हो म्हण," ती पुटपुटली. मेनियो हो म्हणाला.

शाळेची भांडी दुपारी आटोपत. पहिल्याच दिवशी तो तडक ट्रक घेऊन बंधाऱ्याकडे निघाला. ती वाट म्हणजे नदीकाठच्या दगडगोट्यांनी भरलेली घळ. गावची शेवटची भिंत मागे पडली न पडली तोच ट्रक एका वाटोळ्या धोंड्यावर पोट टेकून बसला. पुढची चाकं अधांतरी. मेनियो खाली उतरला, वाकून बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

तेवढ्यात मागून धूळ उडवत दुसरा ट्रक आला. त्याच कंपनीचा, जवळजवळ त्याच वयाचा, पण ताडमाड उंच, चाकं कंबरेएवढी. दार उघडलं. आधी दोरीला बांधलेलं एक स्टूल खाली आलं, मग एक पाय, मग डेल्फिना माएस्तास. ही आयुष्यभर शाळेची बस चालवून आता घरी बसलेली बाई, सत्तरीची. नवरा फाकुंडो वारल्यापासून एकटी राहत होती, आणि हा ट्रक त्याचाच.

"काय रे मेनियो," ती म्हणाली, "अंडी उबवतोयस का?"

"हस मावशी, हस. साखळी आहे का तुझ्याकडे?"

साखळी होती. तिने त्याला मागे ओढून काढलं. संध्याकाळपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता. शाळेत दुसऱ्या दिवशी मास्तरही ताट पुढे करताना विचारू लागले, "मेनियो, आज उकडलेली अंडी आहेत का?"

मग तो पायी जाऊ लागला. जाऊन येईस्तोवर दिवस मावळे. टाचांना फोड आले. वरच्या अंगाला एखादा शेतकरी पाळी नसताना दार उघडून बसला, तर मेनियो धापा टाकत तिथे पोचेपर्यंत त्याचं भिजवून झालेलं असे आणि तो दार लावून सज्जनासारखा कुंपण दुरुस्त करीत असे.

"ट्रक विक," कॉरिना एका संध्याकाळी म्हणाली. "एखादा उंच जुनापाना घे."

मेनियोने चमचा खाली ठेवला. "ट्रक विकायचा नाही."

"मग तोच उंच कर."

ती हे सहज बोलली, भाकरी मोडता मोडता. मेनियो हसला. थोड्या वेळाने हसू ओसरलं आणि तो ताटातल्या घेवड्याकडे बघत राहिला.

हर्कुलानोला त्याने विचारलं तेव्हा हर्कुलानोने वेल्डिंगचा मुखवटा वर केला. "उंच? तुझा ट्रक? उद्या म्हणशील, कॉरिनाला मिशी लाव."

"बघ तर खरं, काय लागेल ते."

नवं सामान घ्यायचं तर ते स्वयंपाक्याच्या पगारात बसणारं नव्हतं. नुकतेच घरावर नवे पत्रे घातले होते. मेनियो स्वस्तातल्या युक्त्या शोधू लागला. "पुढच्या स्प्रिंगखाली ठोकळे ठेवले तर?"

"मग माझ्या दारात येऊ नकोस," हर्कुलानो भडकला. "मागे ठोकळा चालतो. पुढे ठोकळा ठेवणाऱ्याला मी मित्र म्हणत नाही, त्याच्या मर्तिकाला जातो."

दोघांनी मिळून दोन भंगारवाडे पालथे घातले. एका ठिकाणी स्प्रिंगा मिळाल्या, पण एकीला बारीक चीर होती. हर्कुलानोने ती नखाने चाचपली आणि ढिगावर परत फेकून दिली.

पाणीपाळीचा दिवस सांगायला मेनियो डेल्फिनाच्या घरी गेला, तेव्हा तिचा ट्रक अंगणात उभा होता आणि ती आत बसून होती. इंजिन बंद. मांडीवर पिन्योनच्या, म्हणजे डोंगरी पाइनच्या बियांच्या, टरफलांचा ढीग.

"बाहेर निघालीस का मावशी?"

"परत आले," ती शांतपणे म्हणाली. "दोरी तुटली. स्टूल तिकडे बघ, कोंबड्यांत पडलंय."

"केव्हापासून बसलीयस?"

"मला काय ठाऊक? अख्खी पिशवी संपली."

मेनियोने स्टूल आणलं, तिला हात दिला. ती खाली उतरली, गुडघा दाबला, आणि ट्रकच्या दाराला एक चापट मारली. "फाकुंडो माझ्या खांद्याला लागायचा, तुला आठवतं ना? या ट्रकात चढला की जगाकडे वरून बघायचा. मी म्हटलं, बघ बाबा. सुखाचा संसार झाला आमचा. पण जाताना मला ही शिडी ठेवून गेला."

"विकून टाक की."

"तू विकलास का तुझा?"

डेल्फिनाने त्याच्याकडे बघितलं, मग फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या वाइन रंगाच्या ट्रकाकडे. त्याचं दार तिच्या गुडघ्याच्याही खाली सुरू होत होतं.

"मेनियो," ती म्हणाली, "दोन्ही ट्रक एकाच मापाचे ना? मग माझी उंची तू घे. तुझं बुटकेपण मला दे."

मेनियोने दोन्ही ट्रकांकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाला, "पण मावशी, मग रविवारी रांगेत फिरावं लागेल तुला."

"मग? फिरेन की. मी काय म्हातारी झाले?"

हर्कुलानोने दोन्ही ट्रकांखाली डोकं घालून बघितलं. "जमेल," तो म्हणाला. "पैसा लागणार नाही. घाम लागेल. आणि मला जेवण."

शनिवारी त्याच्या वाड्यात दोन्ही ट्रक शेजारी शेजारी लोखंडी घोड्यांवर चढवले. चाकं काढली. मेनियो सकाळीच मक्याच्या घुगऱ्या आणि डुकराचं मांस घातलेलं पोसोलेचं पातेलं घेऊन आला होता. ते एका कोपऱ्यात मंद आचेवर रटरटत होतं. डेल्फिना सावलीत खुर्ची टाकून बसली आणि नट-बोल्टचे पाने पुसून देऊ लागली.

पुढच्या स्प्रिंगा काढताना हर्कुलानोने दोघांनाही लांब उभं केलं. "दाबलेली स्प्रिंग म्हणजे दाबलेला राग," तो म्हणाला, आणि प्रत्येक स्प्रिंग साखळीने चासीला बांधूनच सैल करू लागला. डेल्फिनाच्या ट्रकची दुसरी स्प्रिंग अचानक सुटली. साखळी खाडकन ताणली गेली, पातेल्यावरचं झाकणसुद्धा थरथरलं. मग हर्कुलानो म्हणाला, "जेवून घेऊ या."

मागचं काम वेगळं होतं. मेनियोच्या ट्रकचा ॲक्सल कमानपाट्यांच्या वर चढवलेला होता. तो पुन्हा खाली आणला, मध्ये फाकुंडोचे लोखंडी ठोकळे बसवले, लांब यू-बोल्ट आवळले. तिचा ॲक्सल उलट वर नेला. वर गेलेल्या ॲक्सलला हलायला जागा हवी म्हणून तिच्या चासीला हर्कुलानोने खाच पाडली आणि जाड पट्टीने ती मजबूत केली. मेनियोच्या चासीतली जुनी खाच भरून काढली. उंच ट्रकला ब्रेकच्या नळ्याही लांब लागतात, त्या बदलल्या. शॉकअप इकडचे तिकडे, तिकडचे इकडे. शेवटी चाकं. मेनियोच्या चकचकीत तारांच्या चाकांना तो दर शनिवारी फडका मारी. ती त्याने स्वतः ढकलत डेल्फिनाच्या ट्रककडे नेली आणि प्रत्येकावर एकदा तळवा ठेवला.

दुसऱ्या शनिवारी मेनियोचा ट्रक खाली उतरवला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं तसा मोठा टायर पुढच्या मडगार्डच्या कडेला घासला.

"कड कापावी लागेल," हर्कुलानो म्हणाला आणि कटर पुढे केला. "तू काप."

"मी?"

"रंग तू लावलायस. माझा हात नाही चालणार."

मेनियोने खडूने रेघ ओढली. ती पुसली, थोडी खाली ओढली. मग चष्मा लावला आणि एका दमात कापलं. वाइन रंगाची एक लांब साल मातीत पडली. त्याला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. आलं नाही. उलट कड घासून गुळगुळीत करताना तो शीळ घालू लागला, तेव्हा डेल्फिना हर्कुलानोकडे बघून हसली.

अलाइनमेंट करून घेतली. हेडलाइट झाडावरच्या पाखरांना दिपवत होते, ते खाली वळवले. मग मेनियो गावातून एकटाच निघाला. वर्षानुवर्षं त्याने गाव भिंतींच्या पायापासून बघितलं होतं. आता भिंतींवरून आतलं दिसत होतं: कुणाच्या अंगणात जर्दाळू फुललेलं, कुणी न्हाऊन केस वाळवत बसलेली, ओनोफ्रे आपल्या ओट्यावर कुत्र्याला शिव्या देत होता. मेनियोने हॉर्न वाजवला. ओनोफ्रेने मान वर केली, आणखी वर केली.

"कोण रे तो?"

"पाटकरी!" मेनियो ओरडला.

डोंगरावरचं बर्फ वितळून नदी फुगली त्या आठवड्यात शेपटाकडचं पाणी एकाएकी आटलं. मेनियो शाळेचा ॲप्रन अंगावर तसाच ठेवून निघाला. त्या वाटोळ्या धोंड्यावरून ट्रक डुलत डुलत पार झाला, खाली साधा ओरखडाही नाही. बंधाऱ्यावर कॉटनवुडचं एक जाडजूड खोड वाहून येऊन पाटाच्या तोंडात आडवं अडकलं होतं. मेनियो मांडीभर गार पाण्यात उतरला, खोडाला साखळी घातली, ट्रक हळूहळू मागे घेतला. चाकं एकदा घसरली. मग खोड कुरकुरलं, वळलं आणि बाहेर आलं, आणि त्यामागोमाग पाणी पाटात असं शिरलं की मेनियो काठावर ओल्या पँटीने उभा राहून नुसता बघत राहिला.

त्या संध्याकाळी कॉरिना वावरात अनवाणी उभी होती. पाणी सरीतून तिच्या घोट्यांपर्यंत आलं. "आलं रे!" ती ओरडली. "आलं, आणि गढूळ आहे!" गढूळ पाणी म्हणजे ताजं, हे तिलाही ठाऊक होतं.

रविवारी एस्पान्योलाच्या रांगेत डेल्फिनाचा ट्रक निघाला. ती दाराशी आली, पाय उचलला, बसली. शेजारी कॉरिना, लिपस्टिक लावून. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या टोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "आजी, वेग वाढवा की जरा!"

"बस चालवत होते तेव्हा तुला शाळेत वेळेवर पोचवलं ना?" डेल्फिना म्हणाली. "आता माझा वेळ माझा आहे."

मेनियो त्या दिवशी गेला नाही. त्याने ओनोफ्रेला ट्रकात चढवलं. त्याने वरून ओढलं, हर्कुलानोने खालून रेटलं, आणि म्हातारा दोघांनाही शिव्या देत आत बसला. गुडघे गेल्यापासून त्याने बंधारा बघितला नव्हता. तिथे पोचल्यावर तो काठावरच्या दगडावर बसला, काठीने एकेक गोष्ट दाखवू लागला. दार तिरकं बसलंय. गाळ उजवीकडे टाकायचा, डावीकडे नाही. तिथला बांध बघ, कुणी बांधला असला?

"तुम्हीच बांधला होता," मेनियो म्हणाला.

"तेव्हा नीट होता."

मेनियोने घेवड्याचा डबा उघडला, भाकरी मोडली, अर्धी त्याच्या हातात दिली. दोघं जेवू लागले. खाली पाटातून पाणी चाललं होतं, आणि ओनोफ्रे तोंडात घास असतानाही बांधाबद्दल बोलत होता.