आप्पांच्या तोंडून ‘माझं’ निघेना

नलूचा फोन आला तेव्हा मी बोईसरला कारखान्याच्या गेटसमोर भाषण ठोकत होतो. समोरचा हॉटेलवाला धावत आला आणि माझा सदरा ओढून म्हणाला, "नेताजी, भाषण बाद में... अमेरिका लाईन पे है!"

नलू माझी धाकटी बहीण. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन तिकडे गेलेली. सहावा महिना चालू होता. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं, आणि आता डॉक्टरने अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं होतं. नवरा दिवसभर कामावर. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, आईला पाठव ना रे..."

आई पालघरच्या पलीकडे कधी एकटी गेली नव्हती, म्हणून आमच्या वडिलांनी, आप्पांनीही सोबत जायचं ठरलं. पासपोर्ट तयार होते, प्रश्न व्हिसाचा होता. मुलाखत घेणाऱ्या साहेबाला पटवायचं होतं की ही माणसं परत येतील, त्यांची मुळं इथेच आहेत.

मला वाटलं, ही तर आपलीच कला! आठवडाभर मी दोघांची तयारी करून घेतली. मान वर ठेवा, नजरेला नजर द्या, आपण भीक मागायला चाललेलो नाही... आई म्हणाली, "आरं, आमाला मोर्चाला नेतोस का पोरीकडं?"

मुंबईला वकिलातीबाहेर मी फुटपाथवर उभा राहिलो, कारण आत फक्त त्या दोघांनाच सोडत होते. थोड्या वेळाने दोघं बाहेर आली. आईचा पदर डोळ्याला होता... व्हिसा नाकारला होता.

"साहेबानं इचारलं, घर कुणाचं? ह्ये म्हनले, दादाचं. जमीन कुणाची? दादाची. म्हशी? त्या बी दादाच्या!" आई फुटपाथवरच कडाडली. "मी म्हनलं, आता मला बी दादाचीच सांगतात का काय!"

दादा म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका. पाम गावातलं आमचं घर एकत्र होतं. भातशेती, वाडी, गोठा, कशाचीच वाटणी झाली नव्हती. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं होती, कागद आप्पांच्या पिशवीतच होता. पण मी चिडून विचारलं तेव्हा आप्पा शांतपणे म्हणाले, "दादा बसलेला असताना माझं कसं म्हनू? त्ये वाटनी मागितल्यासारखं व्हतं."

परतीच्या वाटेवर मी साम्राज्यवादावर बोलत सुटलो. उमरोळी स्टेशनच्या आसपास आई म्हणाली, "आता गप. नलूला काय सांगायचं त्ये बोल."

खरी पंचाईत वेगळीच होती. खाजगी मालमत्तेविरुद्ध मी बोईसर-तारापूरभर घसा फोडत होतो. ‘माझं’ हा शब्द माणसाला लहान करतो, हे माझं आवडतं वाक्य. आणि आता बापाकडून तोच शब्द घोकून घ्यायचा होता!

शिवाय तो काळ वाईट होता. कारखाने वाढले तसे जमिनींना भाव आले होते. पालघरच्या कोर्टाबाहेर सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसलेले मी पाहत होतो. हा विषय काकांसमोर काढायचा म्हणजे विस्तवावर पाय...

पण नलू तिकडे एकटी होती. मी ओटीवर गेलो आणि काकांना सगळं सांगून टाकलं. काका उठून उभे राहिले. मग त्यांनी घरातल्या सगळ्यांना हाक मारली. बायका, सुना, पोरं, सगळे. मला वाटलं, झालं, आता घर फुटणार.

"ऐका रे सगले," काका म्हणाले. "साहेबापुढं ह्यो म्हननार, घर माझं, शेत माझं, वाडी माझी. मी सांगतो म्हनून म्हननार. ह्याच्यावरनं उद्या कोन बोलला तर माझ्याशी गाठ हाय."

काकू आतून म्हणाल्या, "गोठा बी त्याचाच हाय म्हनावं. मंग उद्यापास्नं शेन त्यानंच काढावं!"

ओटीवर हशा पिकला. काकांनी मात्र आप्पांना समोर उभं केलं. "म्हन. माझं हाय." आप्पांनी तोंड उघडलं आणि मान खाली घातली. "मान वर! तुझं नाय तं काय शेजाऱ्याचं हाय?" शेवटी आप्पा पुटपुटले, "माझं हाय, दादा..."

पुन्हा अर्ज केला, पुन्हा तोच फुटपाथ. यावेळी मी एकही सूचना दिली नाही.

आत घडलं ते आईने बाहेर येऊन सांगितलं. घर कुणाचं, या प्रश्नाला आप्पा ताठ मानेने म्हणाले, "माझं." साहेबाने कागद चाळले. मागच्या वेळी तर नाही म्हणालात? दुभाषी बाईंनी मराठीत विचारलं. आप्पांना खोटं कधी जमलंच नाही. म्हणाले, "बाई, दोघांचं हाय. पन थोरला भाऊ असताना धाकट्यानं आपलं म्हनायचं नसतं. आता दादानंच सांगितलं, म्हन."

बाईंनी ते साहेबाला सांगितलं. त्याने पुढे विचारलं, मुलीकडेच राहून जाल कशावरून? आप्पा म्हणाले, "भात कापायला यायलाच लागंल. दादाच्यानं एकट्यानं नाय व्हायचं."

व्हिसा मिळाला! आईने मला बघून नुसती मान डोलावली आणि मी, हजारोंसमोर बोलणारा माणूस, भर रस्त्यात आप्पांच्या पाया पडलो.

दोघं गेली. पोहोचल्यावर नलूचा फोन त्याच हॉटेलात आला. "आई ओट्याशी उभी आहे, भाऊ. मुगाची खिचडी टाकलीय. मी आता झोपते." बस, एवढंच... पुढे नलूला मुलगी झाली, दोघी सुखरूप, आणि भात कापायला आप्पा वेळेवर हजर होते.

मोठे काका आता नाहीत. पुस्तकांतून समतेवर पुष्कळ वाचलं, त्याहून जास्त बोललो. पण आपल्या धाकट्या भावाला सगळ्या घरादेखत ‘माझं’ म्हणायला लावणारा तो माणूस भेटला म्हणून आमची नलू त्या दिवशी निर्धास्त झोपली. काका, तुमचे उपकार...