बर्फावरची हॉकी आणि अंगणातलं भात

बर्फ मी आयुष्यात दोनच ठिकाणी पाहिलाय: उसाच्या रसात आणि सासुरवाडीच्या टीव्हीवर. रसातल्या बर्फाने फक्त घसा धरला. टीव्हीवरच्या बर्फाने इज्जत घेतली.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी आणि माझी बायको नंदा शहापूरहून धसईला, तिच्या माहेरी गेलो. माझी मेव्हणी सुवर्णा तेव्हा मुरबाडला कॉलेजात जायची. तिने मैत्रिणीकडून व्हिडिओ गेम आणला होता. त्यात एकच कॅसेट चालायची, बर्फावरच्या हॉकीची. (बाकीच्या फुंकर मारूनही चालेनात.)

"भावोजी, खेळता का?" तिने विचारलं.

"हॉकी? अगं, शाळेच्या टीममध्ये होतो मी!" (होतो. राखीव. पाण्याची बादली माझ्याकडे असायची.)

खेळ असा सुरू होतो: दोन गडी समोरासमोर वाकून उभे राहतात, पंच मध्ये काळी चकती टाकतो आणि जो ती आधी ओढेल त्याचा डाव. याला म्हणायचं फेसऑफ. चकती पडली. मी बटण शोधेपर्यंत सुवर्णाने गोलसुद्धा केला! गोल झाला की पुन्हा फेसऑफ. म्हणजे हरायची सोय अखंड.

माझे सासरे अण्णा सुपारी कातरत बघत होते. "जावईबापू वाकतात चांगले," ते म्हणाले. "पण पुढं काय व्हत नाय."

नंदाने मला खुणेनेच स्वयंपाकघरात बोलावलं. "शेजारच्या काकूपण बघायला आल्यात! उद्या संध्याकाळी जिंका, नायतर त्या खेळाला हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सगळे भात कापायला शेतावर निघाले. "माझी पाठ धरलीय," मी म्हणालो.

सासूबाईंनी अंगणात ताडपत्रीवर पोह्यांसाठी भात वाळत घातलं होतं. "मग आराम करा. तेवढं भाताकडं बगा, कोंबड्या येतात."

"तुम्ही निर्धास्त जा, आई!"

त्या निर्धास्त गेल्या आणि मी टीव्ही लावला. तासाभरात युक्ती सापडली. चकती दिसायची वाटच बघायची नाही. पंचाचा हात हलला की बटण दाबायचं. चकती माझी! लगेच खेळ बंद, पुन्हा चालू, नवा फेसऑफ. पुन्हा माझी!

बाहेर कोंबड्या आल्या. मी आतूनच "हुश्श!" केलं. मग शेळ्यांचं बें बें ऐकू आलं. मी आवाज चढवून "हाड!" केलं. मग दारातला उजेड अडला आणि मागे कोणीतरी जोरात श्वास सोडला.

"या काकू, बसा," मी मान न वळवता म्हणालो. "बघा कसा जिंकतोय!"

काकू फुरफुरल्या.

मी वळून पाहिलं. दारात म्हैस उभी होती. तोंडाला भाताचे दाणे चिकटलेले, रवंथ संथ चाललेला, नजर टीव्हीवर!

मी ताडकन उठलो. गेमच्या रिमोटची वायर पायात अडकून उपटली, गेम धाडकन खाली आला, त्या आवाजाने म्हैस बिथरली आणि उरल्यासुरल्या भातासकट ताडपत्री शिंगांत घेऊन गल्लीत पळाली. तिच्यामागे मी. नेमके तेव्हाच सगळे जेवायला घरी येत होते. त्यांनी पाहिलं ते असं: पुढे ताडपत्री पांघरलेली म्हैस, मागे हातात रिमोट घेऊन धावणारा जावई.

"भावोजी, पाठ बरी झाली वाटतं!" सुवर्णा म्हणाली.

सासूबाईंनी झाडू घेतला आणि विखुरलेले दाणे गोळा करायला लागल्या. "पोहे दुकानातून आणू," त्या एवढंच म्हणाल्या. "तुमाला लागलं नाय ना?" त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता काहीतरी जिंकणं भागच होतं. संध्याकाळी अर्धी आळी जमली. (गेम पडूनही चालू होता. माझं नशीबच तसलं.) पंचाचा हात हलला, मी बटण दाबलं. चकती माझी! नंदाने टाळी वाजवली.

आणि तेव्हा मला कळलं की चकती मिळाल्यावर पुढे काय करायचं, हे शिकायचं राहूनच गेलंय. मी दिसतील ती बटणं दाबली. माझा गडी गर्रकन वळला, सुसाट घसरत गेला आणि चकती थेट जाळ्यात!

"गोल!" मी उडी मारली.

सुवर्णाने तोंडावर हात ठेवला. "भावोजी, ते जाळं तुमचंच होतं."

त्या संध्याकाळी मी एकही फेसऑफ हरलो नाही. सुवर्णाला गोल करावेच लागले नाहीत. तिचे सगळे गोल मी एकट्याने केले!