पैलवानाचं रक्त

आमच्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे हिच्या धाकट्या मामांनी, आजवर एकाही माणसाचा चेहरा पाहिलेला नाही असं माझं ठाम मत आहे. त्यांना दिसतं ते फक्त रक्त. लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग आणि रक्ताचे इतर आजार यांच्या संशोधनात, पुण्याच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली. सुटीत श्रीगोंद्याला आमच्याकडे आले तरी ती सवय सुटत नाही. पाया पडणाऱ्याला आशीर्वाद नंतर, आधी ते त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाचीही त्यांनी ओढली, आणि "पालेभाजी खात नाही वाटतं," म्हणून त्याच्या हातात शेपूची जुडी दिली. तेव्हापासून तो आमचं रीडिंग अंदाजानेच टाकतो. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. फोनवर मी नाव सांगितलं की पलीकडे नुसती शांतता. रक्तगट सांगितला की लगेच, "हां, बोला जावईबापू."

असा माणूस नात्यात असताना आपल्या मुलीचं लग्न जमवणं म्हणजे काय, हे मीच जाणे. लोक आधी पत्रिका मागतात, मामा रक्ताचा रिपोर्ट मागतात. दोन स्थळं तर "आमच्या घराण्याच्या रक्तात खोट काढता?" म्हणून चहा अर्धा टाकून उठली. मी चिडलो, तेव्हा मामांनी मला समोर बसवून समजावलं. आमच्या लेकीच्या रक्तात थॅलेसेमियाचा दोष दडलेला आहे. तिला स्वतःला त्याचा काही त्रास नाही, पण नवऱ्याच्या रक्तातही तोच दोष असला तर होणाऱ्या लेकराला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवत राहावं लागू शकतं. त्यानंतर मी मुकाट्याने रिपोर्ट मागू लागलो.

घोडेगावचं स्थळ मात्र सोन्यासारखं निघालं. व्याही गुरांचे व्यापारी, दिलदार माणूस. रिपोर्ट मागताच आठवड्यात पाठवला, आणि तो इतका उत्तम की मामांनी दोनदा वाचला. साखरपुड्याला ते कौतुकाने नवऱ्या मुलाला म्हणाले, "काय, सुई टोचताना भीती नाही ना वाटली?"

मुलगा गोंधळला. उत्तर व्याह्यांनीच दिलं. "त्यो कशाला भितोय? त्यो गेलाच न्हाई. आमी थोरल्याला धाडला. पैलवान हाय, रोज दोन लिटर दूध पितो. घरात लई चांगलं रक्त त्याचंच."

"अहो, पण लग्न याचं आहे ना?"

"व्हय. पर रक्त एकच की घरचं. आन् बाजारात जनावर दावायचं म्हनल्यावर मरतुकडं कुनी पुढं करतं का?"

त्यांच्या लेखी यात लबाडी कसली, त्यांनी तर आमचा मान राखला होता. मांडवात हशा पिकला. हसली नाही ती आमची लेक. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता, आणि आता सगळं पुन्हा अधांतरी लटकलं होतं. मामाही हसले नाहीत. इतर लोक खिशात पेन ठेवतात तिथे ते काचेच्या नळ्या ठेवतात. त्यांनी पाटावर बसलेल्या नवऱ्या मुलाची बाही वर केली, टिळा लावायच्या आधी त्याचं रक्त काढलं आणि जेवायलाही न थांबता पुण्याची गाडी धरली.

फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. "दोष नाही. लग्न लावा," इतकंच बोलून त्यांनी फोन ठेवला. आमची लेक तिथेच जमिनीवर बसून रडली.

लग्नाला मामा उशिरा आले, अक्षता पडून गेल्यावर. सकाळी वॉर्डात एक सहा वर्षांचं पोर गेलं होतं, हे त्यांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं. मग चेहरा धुतला आणि जिलबीचं ताट घेऊन पोरांच्या पंगतीत वाढत सुटले. त्या पोरांपैकी एकालाही हा कोण म्हातारा, हे ठाऊक नव्हतं.

जोडपं पाया पडायला आलं तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी सवयीने "अष्टपुत्रा हो" म्हटलं. मामा म्हणाले, "आठ कशाला? एक-दोन होऊ देत. फक्त त्यांची माझी ओळख नातेवाईक म्हणूनच व्हावी."

लोक हसले. ही पदर तोंडाला लावून आत गेली.