सरांचे आभार

सत्तरच्या दशकातल्या एका वर्षी माझी नोकरी एका निबंधावर लटकली होती. नागपूरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते, तेही तात्पुरती. प्राचार्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, अखिल भारतीय परिषदेने निबंध स्वीकारला तर कायम करू, नाही तर जूनपासून दुसरीकडे बघा. घरात कमावणारी मी एकटी. आईला यातलं काही बोलले नव्हते. निबंध पाठवलाय, एवढंच तिला ठाऊक. मी आतल्या आत रोज मरत होते.

परिषदेची रीत मला फार न्यायाची वाटायची. निबंधाच्या प्रती पाठवायच्या, नाव-गाव फक्त वरच्या सुट्या पानावर. चिटणीस ते पान काढून ठेवणार आणि बाकीचा मजकूर त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे धाडणार. लिहिलं कुणी हे त्यांना कळायचं नाही, वाचलं कुणी हे आपल्याला. दोघांची मतं जुळली नाहीत तर तिसऱ्याला विचारायचं. ओळख नाही, वशिला नाही. माझ्यासारखीला आणखी काय हवं होतं?

माझा निबंध रामटेककडच्या धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे भातखाचरांमधल्या, मातीवर होता. सीताबर्डीवरच्या टायपिस्टच्या शेजारी बसून मी तो टाइप करून घेतला. नियमांचं पत्रक त्याच्यासमोरच होतं. शेवटच्या पानाशी त्याचे हात थांबले.

"मॅडम, हे आभार राहू देऊ का? नाव नाही पाह्यजे म्हणते ना यात."

"माझं नाव नको म्हणतात. हे तर सरांचं आहे."

"पाहा बाप्पा. मले तर काही समजून नाही राहिलं."

मला मात्र सगळं समजत होतं! ज्यांनी हाताला धरून त्या बांध्यांमध्ये माती उकरायला शिकवलं, त्यांचेच आभार गाळायचे? आमच्याकडे असं कुणी करत नसे. ते वाक्य राहिलं.

मग महिनेच्या महिने जीव टांगणीला. शेवटी उत्तर आलं, नकाराचं. एक मत अनुकूल, एक प्रतिकूल, तिसरं मुदतीत मिळू शकलं नाही. आईला फक्त 'सरांकडे जाऊन येते' म्हणाले आणि तशीच त्यांच्या घरी गेले. दुसरं कोण होतं मला?

सरांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"तिसरा मीच होतो," ते म्हणाले. "निबंध माझ्याकडेच आला होता. शेवटी पाहतो तर माझंच नाव. तुझाच निबंध, ओळखलं. मग मी कसं मत देऊ? परत पाठवला."

चिटणिसांनी वरचं पान काढलं होतं, शेवटचं पाहिलंच नव्हतं. परत गेलेली प्रत दुसऱ्या कुणाकडे पाठवायला दिवस उरले नव्हते.

"पण सर, नाव दिसेपर्यंत सगळा वाचला असेल ना तुम्ही?"

"वाचला ना. पूर्ण वाचला."

"कसा होता?"

"चांगला आहे. म्हणून तर परत पाठवला. वाईट असता तर सरळ 'नाही' लिहून टाकलं असतं मी."

मला ओरडावंसं वाटलं. त्यांच्या सचोटीचा मला इतका राग आला की हातातलं पाणी तसंच खाली ठेवलं. एक 'हो' लिहिलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?

"रडून काहून राहिली? आभार काढून टाक अन् पुढच्या वर्षी पाठव," सर म्हणाले.

पुढचं वर्ष माझ्याकडे नव्हतंच. मी कशीबशी घरी आले. आई दारातच उभी होती.

"काय म्हणे वं तुहे सर? कसा झाला तुहा निबंध?"

"चांगला आहे म्हणाले," मी सांगितलं.

आणि आई देवापुढे साखर ठेवायला आत गेली.