बरक्यातली गार गाडी

बरक्याच्या पट्ट्यात कुणाचाही एसी बंद पडला की पहिली हाक गजेंद्र मेस्त्रीला जायची. संगमेश्वरकडचा माणूस, चौदा वर्षं इथे ओमानात काढलेली, हातात कसब आणि तोंड तिखट. कुणाकडे गेला की नमस्कार राहिला बाजूला, आधी तळहात उलटा करून भिंतीला लावणार. "थंडी कुणी बनवत नाही हो," हे त्याचं ठरलेलं भाषण. "आतली उष्णता उचलायची नि बाहेर फेकायची, एवढंच काम. ती कुठे फेकता ते मला दाखवा, मग मशीनचं बोला." लोक ऐकून ऐकून कंटाळले होते.

२०१३ च्या जूनमध्ये मात्र हे भाषण त्याच्याच अंगाशी आलं. त्याच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, जपानमधून रिटायर झालेल्या विजेच्या गाडीचा एक डबा आणला. तिकडे डोंगरातल्या कुठल्याशा लाइनवर चाळीस वर्षं खेड्यातली माणसं कामाला नेली-आणली, मग नवी गाडी आली नि हिला काढून टाकलं. आता इथे ओमानात ना रूळ ना स्टेशन! पण अर्बाबला खजुराच्या बागेत कॉफी शॉप थाटायचं होतं. डबा सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवला, राखणीला तय्यबभाईला ठेवलं आणि गजेंद्रला हुकूम सोडला, चार एसी बसव.

तय्यबभाई श्रीवर्धनचा. गजेंद्रला पहिल्याच वर्षी कावीळ झाली होती, तेव्हा महिनाभर पथ्याचं रांधून घालणारा हाच. तेव्हापासून दोघं एका खोलीत. आता साठी आली, महिनाअखेरीला तो कायमचा घरी जाणार होता. त्याच्या बायकोने, रहिमाने, घराला रंग काढायला घेतला होता आणि रोज फोनवर कुठल्या खोलीला कुठला रंग ते विचारायची.

उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद, सरकारी नियमच आहे तो. त्या सुट्टीत गजेंद्र पहिल्यांदा डब्यात शिरला आणि दारातच थबकला. बाहेर सेहेचाळीस डिग्री. आत चोवीस! वायर जोडलेली नाही, करंट नाही, पंखासुद्धा हलत नाही. त्याने दुसरा थर्मामीटर आणला. तोही चोवीसच दाखवत होता. मग पठ्ठ्याने छत, जमीन, सीटखालचे जुने हीटर, सगळ्यावर हात फिरवला. उष्णता बाहेर पडत असेल अशी एक फट सापडेना. जमिनीवर मात्र पाणी होतं. गळती समजून वाकला, तर बुटांचे ओले ठसे, दारापासून सीटपर्यंत. परत जाणारा एकही नाही.

तय्यबभाई खिडकीशी बसला होता, अंगात स्वेटर घालून.

"काय हो हे, जूनमध्ये स्वेटर?"

"तिकडे डोंगरात बर्फ पडतंय रे गजा," तय्यबभाई अगदी हळू म्हणाला, जवळ कुणी झोपलेलं असावं तसा. "गारठून चढतात बिचारी. ही गाडी इथली ऊब त्यांना पुरवते. आपण बसलो की जरा जास्त मिळते."

"कोण चढतात?"

तय्यबभाईने समोर मान केली. सीटवर कुणी नव्हतं, पण गादी दबलेली होती. गजेंद्रने चटकन तय्यबभाईचा हात धरला. मासळी बाजारात बर्फात ठेवलेल्या सुरमईसारखा तो हात गार होता.

दहा दिवसांत तय्यबभाई निम्मा झाला. ओठ निळे पडले. चहाचा ग्लास हातात घेतला की दोन घोटांत थंड. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा आहे. शेवटी एका शुक्रवारी गजेंद्रने डब्याला कुलूप घातलं, तय्यबभाईला खोलीत डांबलं आणि वर चार शिव्या हासडल्या. दुपारी दीडला दार उघडून बघतो तर काय, बागेतून खोलीपर्यंत रेतीत ओले ठसे, उंबऱ्याशी येऊन थांबलेले. मेस्त्रीची पाचावर धारण बसली. तय्यबभाई मात्र उठून चपला घालायला लागला. "कुणीतरी बसायला हवं रे," तो म्हणाला. "नाहीतर ती शोधत येतात."

असंच चाललं तर रहिमाभाभीच्या दारात शवपेटी उतरेल, माणूस उतरणार नाही, हे गजेंद्रला कळून चुकलं.

त्याने तोडगा काढला तोही मेस्त्रीचाच. ऊब पाहिजे ना हिला? घे म्हणावं! त्याने गरम-थंड दोन्ही करणारे एसी बसवले आणि जूनच्या भर दुपारी चारही गरमवर टाकले. बागेतले कामगार हसून हसून लोळले. मशीनं तापून सारखी बंद पडायची, तेव्हा त्याने सेफ्टीच बायपास केली. दुसऱ्या कुणी असलं काही केलं असतं तर गजेंद्रने त्याच्या कानाखाली काढली असती. आतला काटा चोवीसवरून हलला नाही. पण ठसे डब्याबाहेर आले नाहीत, आणि बाहेर सावलीत बसवलेल्या तय्यबभाईच्या बोटांवर तिसऱ्या दिवशी लाली आली. गजेंद्रचा जीव भांड्यात पडला.

जायच्या दिवशी दुपारी एकला टॅक्सी आली. बॅगा चढवताना जळका वास सुटला. चार मशिनांच्या लोडने केबल वितळली होती. नवी आणायची म्हणजे दोन तास तरी मोडणार होते. गजेंद्रने मागे पाहिलं, डब्याच्या पायरीखालची रेती ओली होत होती. तय्यबभाईनेही पाहिलं. तो टॅक्सीतून उतरला.

"थोडा वेळ बसतो रे. फ्लाइटला अवकाश आहे."

"खलास, बस झालं!" गजेंद्र असा ओरडला की ड्रायव्हर दचकला. "एक पाऊल टाकलंत तर याद राखा. भाभीला सांगा, मेस्त्रीने धडधाकट पाठवलाय."

"मग आत तू जाणार?"

"मी कशाला जातोय? मी केबल बघतो." त्याने तय्यबभाईला धरून सीटवर कोंबलं आणि दार आपटलं. "यल्ला, चल, एअरपोर्ट!"

टॅक्सी वळली तसा गजेंद्र डब्यात चढला, दार हाताने ओढून घेतलं आणि खिडकीशी बसला. भयंकर घाबरला होता, खोटं कशाला सांगू! गारठा पायातून गुडघ्यापर्यंत चढला. जमिनीवर एक ओला ठसा उमटला, मग दुसरा, सावकाश त्याच्याचकडे येत. शेजारची गादी दबली. कुणीतरी त्याच्या हातात हात दिला. दिसत काहीच नव्हतं, पण सांधे सुजलेले होते, बोटांची टोकं भेगाळलेली. आयुष्यभर चिखलात वाकून भात लावलेल्या बाईचा हात संगमेश्वरच्या माणसाला न बघताही कळतो. तो हात लटलट कापत होता.

बागेच्या फाटकावर टॅक्सीचा हॉर्न वाजला. गजेंद्रच्या मनात आलं, अजून ओरडलो तर ऐकू जाईल. आवाज हायवेच्या बाजूला लांब जात जात ऐकू येईनासा झाला, तेव्हा त्याने आपला दुसरा हातही त्या हातावर ठेवला आणि तो चोळायला लागला.